स्पेनची बेकारी कोणी ठरवली?

२०१३च्या सुरुवातीला स्पेनमध्ये साठ लाखांहून अधिक माणसे काम शोधत होती. काम करू शकणाऱ्या आणि करू इच्छिणाऱ्या दर चार जणांत एकाहून जास्त बेकार. पंचविशीच्या आतल्यांत तर निम्म्याहून जास्त. त्याच सुमारास ब्रसेल्सला युरोपीय आयोगाचे अर्थतज्ज्ञ आपला नेहमीचा हिशेब मांडत होते. एखाद्या देशातल्या बेकारीपैकी मंदीमुळे आलेली किती आणि अर्थव्यवस्थेच्या घडणीतच मुरलेली किती, असा तो हिशेब. स्पेनपुरते उत्तर निघाले ते असे की मुरलेली बेकारीच २० टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे पाचातल्या एकाने रिकामे बसणे ही त्या देशाची स्वाभाविक अवस्था. बेकारी त्याखाली नेऊ पाहाल तर पगार भडकतील आणि पाठोपाठ महागाई येईल.

हा आकडा एखाद्या शोधनिबंधात पडून राहिला असता तर कोणाचे काही बिघडले नसते. पण युरोपीय संघाच्या वित्तीय नियमांत त्याला मानाची जागा आहे. मंदीत कर कमी जमतो, बेकारभत्त्यावर खर्च जास्त होतो, त्यामुळे सरकारची तूट वाढते. अशी तूट तात्पुरती मानली जाते आणि तिला थोडी सवलत मिळते. तूट ‘रचनात्मक’, म्हणजे मंदी सरली तरी उरणारी, असेल तर सवलत नाही, खर्च कापायचा. तूट कोणत्या जातीची हे कळणार कशावरून? तर बेकारी कोणत्या जातीची यावरून. बेकारी स्वाभाविक ठरली की तूट पक्की ठरली, तूट पक्की ठरली की कात्री आली, कात्री आली की आणखी माणसे घरी बसली. पुढच्या हिशेबात तीही ‘स्वाभाविक’मध्ये जमा, कारण ही पद्धत मागच्या काही वर्षांच्या प्रत्यक्ष बेकारीच्या मागोमाग चालते. रोग्याचा ताप चढला की थर्मामीटरवरची नॉर्मलची खूण वर सरकवावी, तसा हा प्रकार.

२०२४ साली स्पेनची बेकारी ११ टक्क्यांच्या आसपास आली होती. पगार भडकून महागाईचा वणवा पेटल्याचे कोणी पाहिले नाही. मध्यंतरी, २०२२मध्ये, युरोपभर महागाई आली खरी. युरो चलनाच्या देशांत ती ऑक्टोबरमध्ये १०.६ टक्क्यांवर गेली. पण तिचे मूळ रशियाच्या युक्रेनवरील हल्ल्यानंतर महागलेल्या गॅसमध्ये, धान्यात आणि करोनानंतरच्या विस्कळीत मालपुरवठ्यात होते. ती ओसरलीदेखील, आणि ओसरताना बेकारी साडेसहा टक्क्यांच्या आसपासच, म्हणजे युरोच्या इतिहासातल्या नीचांकाजवळ राहिली. पाठ्यपुस्तकाप्रमाणे असे व्हायला नको होते.

माझे म्हणणे एवढेच आहे की युरोपातली बेकारी गेल्या पन्नास वर्षांत बऱ्याच अंशी ठरवून स्वीकारलेली आहे. कोणी दुष्टपणे कट केला असे मी म्हणत नाही. तूट, कर्ज आणि महागाई यांना आकडे बांधून दिले, मोडणाऱ्याला शिक्षा ठेवली. रोजगाराला फक्त शुभेच्छा दिल्या. मग जे व्हायचे ते झाले. आणि रोजगार असा वाऱ्यावर सोडल्यावर ज्या सामाजिक सुरक्षेचा युरोपला अभिमान आहे तीही आतून पोकळ होत गेली, कारण ती उभीच आहे काम करणाऱ्यांच्या वर्गणीवर.

स्पेनकडेच जरा जास्त वेळ पाहू, कारण या देशाने बारा वर्षांच्या अंतराने दोन मोठ्या आपत्ती पाहिल्या आणि दोन्ही वेळी वेगळे वागून पाहिले. अर्थशास्त्राला प्रयोगशाळा नसते. इथे जवळजवळ मिळाली.

पहिली आपत्ती २००८ची. त्याआधीचा स्पेन नियमांच्या बाबतीत वर्गातला पहिला विद्यार्थी होता. २००७मध्ये सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३६ टक्के, अंदाजपत्रकात शिल्लक. त्याच वेळी जर्मनीचे कर्ज संघाने घातलेल्या ६० टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे होते. स्पेनची खरी अडचण खासगी होती: बांधकामाचा फुगा, त्यासाठी बँकांनी उचललेली कर्जे, आणि जवळजवळ एक तृतीयांश नोकरदार मुदतीच्या कंत्राटावर. फुगा फुटला तेव्हा २००९मध्ये स्पेनचे उत्पादन चार टक्क्यांहून थोडे कमीच घसरले. पण २००७मध्ये ८ टक्क्यांवर असलेली बेकारी दोन वर्षांत १८ टक्क्यांवर पोचली. मालकांना कोणाला काढायचीही गरज पडली नाही. कंत्राट संपले, पुन्हा केले नाही, विषय मिटला.

त्याच वर्षी जर्मनीचे उत्पादन स्पेनपेक्षा जास्त, पाच टक्क्यांहून अधिक घसरले. तिथली बेकारी जेमतेम हलली. कारण ‘कुर्झआर्बाइट’ नावाची जुनी व्यवस्था. मागणी पडली की कारखानदार कामगाराला काढत नाही, त्याचे तास कमी करतो. बुडालेल्या निव्वळ पगारातला ६० टक्के हिस्सा, मुलेबाळे असतील तर ६७ टक्के, सरकारी रोजगार विमा भरून देतो. कामगार हजेरीपटावर राहतो, त्याचा आरोग्यविमा आणि पेन्शनची वर्गणी चालू राहते, हातातले कौशल्य गंजत नाही, आणि ऑर्डर परत आली की पहिल्या दिवसापासून यंत्र चालू. २००९च्या मेमध्ये जवळपास साडेचौदा लाख लोक या योजनेत होते.

स्पेनने मात्र उलटी वाट धरली, किंवा त्याला ती धरायला लावले. मे २०१०मध्ये समाजवादी पंतप्रधान सपातेरो यांनी सरकारी पगार सरासरी ५ टक्क्यांनी कापले, पेन्शनची वाढ गोठवली. सप्टेंबर २०११मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून काही आठवड्यांत राज्यघटनेचे १३५वे कलम बदलले आणि सरकारी कर्जाच्या परतफेडीला सर्व खर्चांवर अग्रक्रम दिला. गंमत अशी की त्याच घटनेचे ४०वे कलम १९७८पासून सांगत आले आहे की सरकारने पूर्ण रोजगाराच्या दिशेने धोरण चालवावे. ते कलम कोणी काढले नाही. काढायची गरजही नव्हती. कर्जाच्या कलमामागे रोखेबाजार उभा होता, रोजगाराच्या कलमामागे माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकात तंबू ठोकून बसलेली तरुण पोरे. २०१२मध्ये पुराणमतवादी राखोय यांच्या सरकारने नोकरीवरून काढणे स्वस्त केले. भरपाई दर वर्षाच्या सेवेमागे ४५ दिवसांच्या पगारावरून ३३ दिवसांवर आणली. बेकारी वाढतच गेली. आणि या सगळ्यात युरोपीय मध्यवर्ती बँकेने २०११च्या एप्रिल आणि जुलैमध्ये, म्हणजे दक्षिण युरोप बुडत असताना, दोनदा व्याजदर वाढवला होता. कोणत्या महागाईच्या भीतीने, हे आज त्या बँकेचे समर्थकही छातीठोकपणे सांगत नाहीत.

आता दुसरी आपत्ती. २०२०मध्ये करोनाने पर्यटनावर जगणाऱ्या स्पेनला युरोपीय संघात सर्वांत जबर तडाखा दिला. उत्पादन सुमारे ११ टक्क्यांनी कोसळले, २००९च्या जवळजवळ तिप्पट. जुना हिशेब लावला असता तर बेकारी ४० टक्क्यांवर जायला हवी होती. ती वर्षाच्या सरासरीत १४वरून साडेपंधराच्या आसपास गेली. बस. कारण या वेळी सरकारने ‘एर्ते’ नावाची तात्पुरत्या कामबंदीची तरतूद पूर्ण ताकदीने वापरली. वसंतात, टाळेबंदीच्या शिखरावर, तीस लाखांहून बरेच अधिक कामगार तिच्यात होते. त्यांच्या पगाराचा भाग सरकार देत होते, आणि मालकाला सामाजिक विम्याच्या वर्गणीतून सूट होती, एका अटीवर: माणसे कामावर ठेवली पाहिजेत.

ही तरतूद २०२०मध्ये आकाशातून पडली नव्हती. ती २००९मध्येही स्पेनच्या कायद्यात होती. तिच्यामागे पैसा नव्हता, म्हणून मालकाला कंत्राट न वाढवणेच स्वस्त पडत होते. २०२०मध्ये नोकरीवरून काढण्याचा कायदा २०१२चाच, म्हणजे आधीपेक्षा सैल. चारातला एक नोकरदार अजून कंत्राटी. हॉटेले, समुद्रकिनारे, छोटे धंदे, सगळे तेच. ज्या ‘रचने’कडे बोट दाखवून दहा वर्षांपूर्वी बेकारी स्वाभाविक ठरवली होती, ती रचना जागच्या जागी होती. बदलला होता सरकारचा खर्च करण्याचा निर्णय आणि त्यामागे उभी राहिलेली युरोपची पत.

युरोपच्या या पाठबळाबद्दल दोन शब्द. मार्च २०२०मध्ये वित्तीय नियम स्थगित झाले. एप्रिलच्या सुरुवातीला युरोपीय आयोगाने ‘शुअर’ ही योजना मांडली आणि १९ मे रोजी ती मंजूर झाली. संघाने स्वतःच्या नावावर रोखे विकून पैसा उभा करायचा आणि सदस्य देशांना नोकऱ्या टिकवण्याच्या योजनांसाठी स्वस्त दरात द्यायचा, इतकी साधी कल्पना. १०० अब्ज युरोपैकी ९८.४ अब्ज युरो १९ देशांनी उचलले, इटलीने २७.४ अब्ज, स्पेनने २१.३ अब्ज. त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेत बेकारी १४ टक्क्यांच्या वर उसळली होती. युरो क्षेत्रात ती त्या वर्षी नऊच्या आतच राहिली. अमेरिकेनेही पैसा ओतला, पण त्यातला मोठा भाग माणूस कामावरून गेल्यानंतर. माणूस कामावर असतानाच त्याला धरून ठेवायचे, हा युरोपचा मार्ग होता, आणि त्या वर्षी तो चालला.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो उजवीकडूनच येतो असे नाही. मरू घातलेले धंदे सरकारी पैशावर किती दिवस जिवंत ठेवायचे? या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर १९५१ साली स्वीडनच्या कामगार महासंघाच्या दोन अर्थतज्ज्ञांनी, योस्ता रेन आणि रुडोल्फ माइडनर यांनी दिले होते. त्यांचे म्हणणे, धंदा वाचवू नका, माणूस वाचवा. समान कामाला देशभर समान पगार लावा. ज्या कारखान्याला तो परवडत नाही तो बंद पडू द्या. पण बंद पडलेल्या कारखान्यातल्या कामगाराला प्रशिक्षण, घर हलवायचा खर्च आणि दुसरीकडे नोकरी, हे सरकारने पाहायचे. कामगार संघटनाच कारखाने बंद पडू द्या म्हणते, हे आपल्याकडे ऐकून कोणाचा विश्वास बसणार नाही. त्यांना ते परवडत होते, कारण पलीकडे खरोखर नोकरी होती. मंदीत तास कमी करून माणूस टिकवणे आणि तेजीत त्याला चांगल्या कामाकडे नेणे, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. दोन्हींना पूर्ण रोजगाराचे धोरण लागते. ते नसेल तर पहिल्यातून मढी सांभाळली जातात आणि दुसऱ्यातून माणसे रस्त्यावर येतात.

युद्धोत्तर युरोपने हे सूत्र जाणून घेतले होते. १९४२मध्ये ब्रिटनमध्ये विल्यम बेव्हरिज यांनी सामाजिक विम्याचा आराखडा दिला तेव्हा त्याच्या मुळाशी तीन गृहीतके होती: मुलांसाठी भत्ता, सर्वांना आरोग्यसेवा, आणि मोठ्या प्रमाणावरची बेकारी टाळणे. तिसरे गृहीत कोसळले तर विमा कोसळतो, हे त्यांना स्वच्छ दिसत होते. दोन वर्षांनी त्यांनी बेकारीची मर्यादा ३ टक्के सुचवली. ती फार आशावादी आहे असे तेव्हा अनेकांना वाटले. प्रत्यक्षात पुढच्या वीस वर्षांत ब्रिटनमध्ये बेकारी बहुतेक काळ त्याहून कमी राहिली, आणि पश्चिम जर्मनीत साठच्या दशकाच्या पूर्वार्धात एक टक्क्याच्याही खाली. त्याच काळात आरोग्यसेवा, पेन्शन, घरे, शाळा हे सगळे उभे राहिले. श्रीमंत झाल्यावर युरोपने कल्याणकारी राज्य परवडवून घेतले, ही समजूत उलटी आहे. ब्रिटनने राष्ट्रीय आरोग्यसेवा १९४८मध्ये सुरू केली तेव्हा तिथे अन्नधान्यावर रेशनिंग होते.

मग हे सूत्र हातातून सुटले कसे? सत्तरच्या दशकात तेल महागले, महागाई आणि बेकारी हातात हात घालून आली, आणि जुन्या पद्धतीला त्यावर चांगले उत्तर नव्हते, हे मान्य केले पाहिजे. पण त्यातून जी शिकवण घेतली गेली ती फार सोयीची होती. पोलिश अर्थशास्त्रज्ञ मिखाऊ कालेत्स्की यांनी १९४३मध्येच बजावून ठेवले होते की पूर्ण रोजगार तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. मालकवर्गाला तो फार काळ चालणार नाही, कारण काढून टाकण्याची धमकीच बोथट होते. सत्तरच्या दशकातले संप पाहिलेल्या कोणालाही यात काही खोटे वाटू नये.

१९९२च्या मास्ट्रिख्ट करारात तुटीला ३ टक्के आणि कर्जाला ६० टक्के अशा मर्यादा आल्या, मध्यवर्ती बँकेला किंमतस्थैर्य हे पहिले काम दिले गेले. १९९७च्या आम्स्टरडॅम करारात रोजगारावर एक प्रकरण घातले गेले, पण त्यातून निघाल्या त्या मार्गदर्शक सूचना आणि शिफारशी. २००९पासून लागू असलेल्या लिस्बन करारात तर संघाच्या उद्दिष्टांमध्ये ‘पूर्ण रोजगार’ हे शब्दच आहेत. तूट मोडली तर कारवाई सुरू होते. पूर्ण रोजगार मोडला तर अहवाल निघतो.

उद्दिष्ट राहिले आणि साधन गेले, तेव्हा बोट बेकाराकडेच वळले. काम नाही, कारण तू शोधत नाहीस. भत्ता जास्त आहे, म्हणून तू बसून आहेस. जर्मनीतल्या हार्ट्‌झ सुधारणा याच विचाराच्या. जानेवारी २००५पासून दीर्घकालीन बेकारांचा भत्ता जगण्यापुरत्या मदतीवर आणला गेला, सोबत तपासण्या आणि कपातीच्या नोटिसा. त्या फेब्रुवारीत जर्मनीत नोंदलेले बेकार ५० लाखांच्या वर होते आणि नंतर ते खरोखर कमी झाले, म्हणून या सुधारणांचे आजही गोडवे गायले जातात. थोडा वाटा त्यांचा असेलही. पण त्याच काळात चीनला यंत्रे आणि दक्षिण युरोपला मोटारी विकून जर्मनीची निर्यात फोफावली होती, आणि देशात कमी पगाराच्या कामाचा एवढा मोठा पट्टा तयार झाला की २०१५मध्ये पहिल्यांदाच देशव्यापी किमान वेतन आणावे लागले, तासाला साडेआठ युरो. २००९मध्ये जर्मनीला तारले ते मात्र हार्ट्‌झने नव्हे. जुन्या कुर्झआर्बाइटने तारले. दक्षिणेला उपदेश करताना हा भाग गाळला गेला.

ग्रीसचे फार सांगत बसत नाही. २०१२मध्ये तिथले किमान वेतन २२ टक्क्यांनी कापले, पंचविशीच्या आतल्यांचे ३२ टक्क्यांनी, म्हणजे मालक भरती करतील असा तर्क. २०१३मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर होती. वर्षभराहून जास्त बेकार राहिलेल्यांचा आरोग्यविमा सुटत होता. काम गेले की दवाखानाही जातो, हे बेव्हरिज यांचे तिसरे गृहीतक अथेन्समध्ये उलट्या बाजूने सिद्ध झाले. जानेवारी २०१३मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लाँशार यांनी एका सहकाऱ्यासह दाखवून दिले की खर्चकपातीने उत्पादन किती घटेल याचे अंदाज युरोपात लक्षणीय कमी धरले गेले होते. कपात थांबली नाही.

कामाऐवजी नुसते पैसे देऊन भागणार नाही का, असे हल्ली डावीकडूनही विचारले जाते. त्यावर मला व्हिएन्नाजवळच्या एका गावाचा दाखला द्यावासा वाटतो. १९३०च्या सुमारास मारिएन्थाल इथली कापडगिरणी बंद पडली आणि वस्तीच्या वस्ती बेकार झाली. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल हे तरुण संशोधक तिथे गेले. वेळच वेळ मिळाल्यावर कामगार वाचतील, संघटित होतील, कदाचित बंड करतील, अशी अनेक समाजवाद्यांची कल्पना होती. झाले उलटे. वाचनालयातून पुस्तके नेणे घटले. राजकीय सभा ओस पडल्या. रस्त्यावरचे पुरुष संथ चालू लागले, वाटेत पुनःपुन्हा थांबू लागले. संशोधकांनी घड्याळ लावून ते मोजले. बायका तेवढ्या घाईत होत्या, कारण त्यांचे घरकाम बंद पडलेले नव्हते. त्याच वस्तीत, आता ग्रामाटनॉइझीडल नावाच्या गावात, ऑक्टोबर २०२०मध्ये रोजगार हमीचा प्रयोग सुरू झाला. वर्षभराहून अधिक काळ बेकार असलेल्या प्रत्येकाला तयारीचे प्रशिक्षण आणि मग ठरल्या वेतनावर काम: सुतारकाम, बागा, वृद्धांना मदत, जुन्या वस्तूंची दुरुस्ती. कोणावर सक्ती नाही. गावातली दीर्घकालीन बेकारी जवळजवळ नाहीशी झाली, आणि त्यात आलेल्यांची मनःस्थितीही सुधारली, असे त्यावरचा अभ्यास सांगतो. फ्रान्समध्येही २०१६च्या कायद्याने दहा भागांत असाच प्रयोग सुरू झाला आणि २०२०मध्ये तो वाढवला गेला.

युरोपात याची चर्चा अगदी नवा शोध लागल्यासारखी होते, तेव्हा मराठी वाचकाला थोडे हसू यावे. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात साठच्या दशकात जे करून पाहिले, ७२च्या दुष्काळात जे राज्यभर पसरले आणि १९७७मध्ये जे महाराष्ट्राच्या कायद्यात उतरले, ते हेच होते: मागेल त्याला काम, आणि ते देणे सरकारवर बंधनकारक. त्यासाठी १९७५मध्ये व्यवसाय कर बसवला गेला, जो आजही शहरी नोकरदाराच्या पगाराच्या पावतीवर दिसतो. आपल्या योजनेत खडी फोडण्यापलीकडे फारसे काम नव्हते, हजेरीपटावर भुतेही होती, मजुरी रखडायची. पण हक्काचे तत्त्व आणि त्यासाठी बांधून दिलेला कर, या दोन गोष्टी मारिएन्थालच्या प्रयोगात नव्हत्या. तो प्रयोगच राहिला, त्याचा कायदा झाला नाही.

भत्ता जास्त असला की माणूस आळशी होतो, हा आरोप डेन्मार्कने कधीच निकालात काढायला हवा होता. तिथे बेकारविमा कमी पगाराच्या माणसाला आधीच्या वेतनाच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळतो, दोन वर्षे, आणि तरीही काम करणाऱ्यांचे प्रमाण युरोपात वरच्या रांगेत आहे. कारण प्रशिक्षणावर आणि नोकरी जुळवून देण्यावर सरकार खर्च करते.

आज मात्र वेगळाच सूर ऐकू येतो: कसली बेकारी, युरोपला माणसेच मिळत नाहीत! खरे आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याने दहा हजार कुशल कामगारांसाठी थेट महाराष्ट्र सरकारशी करार केला. म्हातारे वाढले, तरुण घटले. पण याचा अर्थ रोजगाराचे धोरण आता नको असा होत नाही. ज्या काळात मालकाला माणूस शोधावा लागतो, त्याच काळात पगार, कंत्राटे आणि कामाच्या अटी सुधारून घेता येतात. स्पेनने हेच केले. किमान वेतन २०१९मध्ये एका फटक्यात २२ टक्क्यांनी वाढवून महिना ९०० युरो केले, २०२४पर्यंत १,१३४ केले. लाखो नोकऱ्या जातील असे भाकीत होते; रोजगार वाढला. २०२१च्या अखेरीस मालक आणि कामगार संघटनांना एकत्र बसवून कंत्राटी भरतीवर लगाम घालणारा कायदा केला. हा ऐतिहासिक कायदा ३ फेब्रुवारी २०२२ रोजी संसदेत १७५ विरुद्ध १७४ असा पास झाला, तोही विरोधी पक्षाच्या एका खासदाराने संगणकावर चुकीचे बटण दाबल्यामुळे. लोकशाहीत असेही भाग्य लागते. तेव्हापासून कंत्राटी नोकऱ्यांचे प्रमाण चारात एक होते ते सहात एक झाले.

स्पेनचे सगळे छान चालले आहे असा याचा अर्थ घेऊ नये. युरोपीय संघात सर्वाधिक बेकारी असलेल्या देशांत तो अजूनही आहे आणि तरुणांची बेकारी तर त्याहून कितीतरी जास्त. कायम पण हंगामी अशा नव्या प्रकारच्या करारात बसवलेले कामगार काम नसलेल्या महिन्यांत नोंदणीकृत बेकारांत धरले जात नाहीत, असा टीकाकारांचा आक्षेप आहे आणि त्यात तथ्य आहे. मात्र मी वर दिलेले आकडे घरोघरच्या पाहणीचे आहेत, त्यांना हा दोष लागत नाही. घरभाड्यांनी माद्रिद, बार्सिलोनात वाढलेला पगार खाऊन टाकला आहे. एवढे सगळे असूनही, २० टक्के बेकारी स्वाभाविक ठरवणाऱ्यांना हा देश रोज खोटे पाडतो आहे.

२०२४मध्ये युरोपीय संघाने वित्तीय नियम सुधारून पुन्हा लागू केले. संभाव्य उत्पादनाचा, म्हणजे महागाई न भडकवता अर्थव्यवस्था किती उत्पादन करू शकेल याचा, अंदाज आणि त्याच्या पोटात बेकारीचा तोच हिशेब कर्जफेडीच्या मार्गावर बसवलेला आहे. वर्ष उलटायच्या आत नियम पुन्हा वाकले. मार्च २०२५मध्ये जर्मनीने राज्यघटनेतली कर्जाची बेडी संरक्षणखर्चासाठी सैल केली, शिवाय पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोचा वेगळा निधी केला. युरोपीय आयोगाने देशांना राष्ट्रीय उत्पन्नाच्या दीड टक्क्यापर्यंतचा जादा संरक्षणखर्च नियमांबाहेर करायची मुभा दिली आणि शस्त्रखरेदीसाठी १५० अब्ज युरोची सामायिक कर्जयोजना मंजूर केली. रशियाची भीती खरी आहे, त्यावर मी वाद घालत नाही. पण २०२०मध्ये नियम वाकतात हे दिसले, २०२५मध्ये पुन्हा दिसले. ग्रीस आणि स्पेनला २०१२मध्ये सांगितले होते की ते वाकूच शकत नाहीत.

उर्सुला फॉन डेर लायेन यांनी जुलै २०१९मध्ये आयोगाचे अध्यक्षपद मागताना युरोपीय बेकारविम्याला पाठबळ देणाऱ्या कायमच्या योजनेचे आश्वासन दिले होते: एखाद्या देशावर धक्का बसला की संघाच्या निधीतून त्याच्या बेकारविम्याला आधार मिळेल, म्हणजे मंदीच्या ऐन वेळी कात्री चालवावी लागणार नाही. पहिल्या पाच वर्षांच्या कारकिर्दीत तो प्रस्ताव मांडलाच गेला नाही. ‘शुअर’ हे त्याचेच तातडीचे रूप म्हणून पुढे केले गेले, आणि त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२२ रोजी संपली. रोखे विकण्याची यंत्रणा तयार आहे, देशोदेशीच्या तासकपातीच्या योजना तयार आहेत, योजना चालते याचा पुरावा १९ देशांत आहे. पुढच्या मंदीत ती पुन्हा सात आठवड्यांत घाईघाईने उभी करावी लागू नये असे वाटत असेल, तर तिचा कायदा आत्ता, माणसे मिळत नाहीत म्हणून मालक कुरकुरत आहेत तोवरच करून ठेवला पाहिजे. साठ लाख बेकार रांगेत उभे असताना तो कोणी करू देत नाही.